दोन तारांमधला गज

आमची पहिली भेट झाली तेव्हा आमच्या दोघांच्या मांडीवर एक जण आडवा झोपला होता, आणि कंडक्टरची खात्री होती की तो वारलेला आहे.

लातूर-नांदेड गाडी, नोव्हेंबरातला पहिला शनिवार. मी खिडकीशी बसून नेहमीप्रमाणे काळजी करत होते. तशी मी भित्री नाही. फक्त कुठलीही गोष्ट पुढं कशी बिघडणार आहे, ते मला आधी दिसतं. त्या सकाळी मला गाडीचे ब्रेक निकामी होताना दिसत होते. तेवढ्यात एक तरुण चढला. त्याच्या खांद्यावर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं, माणसाएवढं लांब काहीतरी होतं. शेजारी बसत म्हणाला, जरा धरता का. मी धरलं. एक टोक माझ्या मांडीवर, मधला भाग त्याच्या, आणि दुसरं टोक वाटेपलीकडच्या बाकावर बसलेल्या एका आजोबांच्या. आजोबांनी हात जोडले.

कंडक्टर आला, थांबला, आणि त्यानं टोपी काढली.

"कवा गेले?"

"सकाळी सातला," तो तरुण म्हणाला. "किल्लारीहून."

"घरातले?"

"शाळंतले हायत. चिनी सतार नंबर दोन."

कंडक्टरनं टोपी परत घातली. "आन् नंबर एक?"

"टपावर. तीन आन् चार बी."

कंडक्टरनं बराच वेळ विचार केला आणि दोन नंबरचं अर्धं तिकीट फाडलं. अर्धंच का, ते सांगितलं नाही. वयाचा अंदाज आला नसावा.

गाडी हलली तशी चादर माझ्या बाजूनं सरकली. आत तारा होत्या. मी मोजल्या, कारण घाबरले की मी मोजते. एकवीस निघाल्या. काही चंदेरी, काही तांब्याच्या, तांब्याच्या जरा ओशाळल्यासारख्या दिसत होत्या. तो तरुण माझ्याकडं बघत होता. त्याच्या बोटांना व्हार्निशचा वास होता आणि नखांवर लाल डाग.

"मोटार रिवाइंडिंगचं दुकान हाय माझं," तो म्हणाला. "ह्या तारा मीच भरल्या. बावीस नंबरची वायर."

मी म्हटलं, छान आहेत. दुसरं काय म्हणणार होते.

त्याचं नाव विरूपाक्ष. अहमदपूर येईपर्यंत त्यानं मला सगळं सांगून टाकलं, कारण त्याला कुणालातरी सांगायचंच होतं, आणि गूझंगच्या एका टोकाखाली बसलेली मुलगी उठून जाऊ शकत नाही. त्याला गूझंग म्हणतात हे तेव्हा आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं.

भूकंपाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. भूकंपानंतरच्या हिवाळ्यात पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत चार पेट्या आल्या. मलेशियातल्या कुठल्याशा चिनी शाळेतल्या संगीताच्या बाईंनी पाठवलेल्या. लोकांना वाटलं, ब्लँकेटं. उघडल्यावर निघाली चार वाद्यं. गावानं ती दोन दिवस पाहिली. निवृत्ती गुरुजींनी त्यांना चिनी सतार नंबर एक ते चार अशी नावं दिली आणि मुलांना आभाराची पत्रं लिहायला बसवलं. विरूपाक्ष अकरा वर्षांचा होता. त्यानं लिहिलं, "मी रोज वाजवतो." गुरुजींनी त्याचं इंग्रजी केलं. बाकी मुलांच्या पत्रांचं काय झालं माहीत नाही, पण विरूपाक्षला उत्तर आलं. मग त्यानं पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा उत्तर आलं. असं बारा वर्षं.

आता त्या बाई सत्तरीच्या झाल्या होत्या आणि अकरा डिसेंबरला किल्लारीला येणार होत्या. त्यांचं पत्र त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. मी वाचून दाखवलं. विरूपाक्षनं शाळेतल्या मुलांना चारही वाद्यांमधला फरक समजावून सांगावा, आणि मग स्वतः वाजवून दाखवावं, अशी बाईंची इच्छा होती. या वयात त्यांना दुसरं काही बघायचं राहिलं नव्हतं.

"आन् तुम्हाला किती वाजवता येतं?" मी विचारलं.

"येतच न्हाई."

"थोडं तरी…"

"म्हंजे, आवाज येतो," तो म्हणाला. "पण मी थांबलो की लोकांना बरं वाटतं."

ब्रेक निकामी होण्याची काळजी मी तिथंच सोडून दिली. याच्यात जास्त वाव होता.

माझं काम सांगायचं राहिलं. लातुरात तेव्हा दर दोन घरांआड एक शिकवणी होती आणि मधल्या घरात तिचं वसतिगृह. मेडिकलला दोनदा नंबर लागला नाही तेव्हा माझ्याच क्लासनं मला नोट्स लिहायला ठेवून घेतलं. मुलं कुठं चुकतात हे माझ्याइतकं सखोल कुणालाच माहीत नव्हतं. माझा हातखंडा एकाच प्रश्नात होता: फरक स्पष्ट करा. धमनी आणि शीर. बेडूक आणि भेक. मधे रेघ, दोन्हीकडं चार-चार मुद्दे, गुण चार. पुढं पुढं मला दोन शेजारणी दिसल्या तरी मधे रेघ दिसायला लागली. दर शनिवारी मी क्लासच्या नांदेड शाखेत हेच शिकवायला जायची.

आणि इथं एका मुलाला पाच आठवड्यांत चार वाद्यांमधला फरक हवा होता. तो मुलगा खिडकीबाहेर तुरीकडं बघत बसला होता. त्याच्या कानामागं वायरचा एक बारीक तुकडा पेन्सिलीसारखा खोवलेला होता, आणि तो तिथं आहे हे तो विसरला होता.

"मी लिहून देते," मी म्हटलं.

तो वळला. हसला नाही, पण वायरचा तुकडा खाली पडला.

* * *

नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळच्या गल्लीत गफूरचाचांचं दुकान होतं. कीर्तन करणाऱ्या रागी लोकांची दिलरुबा, ताऊस अशी तंतुवाद्यं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. विरूपाक्षनं चारही नग त्यांच्यापुढं ठेवले. चाचांनी चष्मा लावला आणि तांब्याच्या तारेवर बोट फिरवलं.

"ही मोटारची वायर कुणी लावली बेटा? वाजवायचंय का विहिरीवर बसवायचंय?"

विरूपाक्ष खाली बघायला लागला. मी म्हटलं, चाचा, दोन्ही चालेल, पण अकरा डिसेंबरच्या आत.

दुसऱ्या शनिवारी मी सायबर कॅफेतून छापून आणलेले सतरा कागद घेऊन गेले. आठवडाभर मी त्या चौघांशिवाय दुसरं काही वाचलं नव्हतं. अडचण अशी होती की फरक नेहमी दोघांत असतो. चौघांत असला की त्याला भांडण म्हणतात. म्हणून मी रेघ न मारता एकेकाची ओळख करून द्यायची ठरवली, आणि चाचांच्या स्टुलावर बसून विरूपाक्षला शिकवायला लागले.

नंबर दोन म्हणजे गूझंग. हा आडवाच झोपतो, म्हणून कंडक्टरची चूक तशी चूक नव्हती. एकवीस तारा, आणि तार जिच्यावर टेकते ती घोडी प्रत्येक तारेला स्वतंत्र, सुटी, सरकवता येणारी. उजव्या हातानं छेडायचं आणि घोडीच्या पलीकडं डाव्या हातानं तार दाबायची, म्हणजे सूर लवतो. याचा एक थोरला भाऊ असतो, त्याला सात तारा आणि घोड्या मुळीच नाहीत. तो आपल्याकडं आलेला नाही, तेवढंच एक सुख. आपल्या गूझंगच्या एकवीस घोड्यांपैकी तेरा उरल्या होत्या. बाकीच्या आठ शाळेतल्या मुलांनी बैल म्हणून खेळायला नेल्या होत्या.

नंबर एक पिपा. उभी चिरलेली पपई डोळ्यांपुढं आणायची. चार तारा, मानेपासून पोटापर्यंत पडद्यांच्या पट्ट्या. ती मांडीवर उभी धरतात आणि बोटं बाहेरच्या बाजूला उडवतात, अंगावरचं झुरळ झटकावं तशी. आवाज ठसठशीत, भांडखोर. नंबर तीन रुआन. तिच्याइतक्याच चार तारा, तिच्यासारखेच पडदे, पण अंग भाकरीसारखं गोल आणि आवाज खालचा, समजुतीचा.

"म्हंजे पिपा भांडती आन् रुआन ऐकून घेतो," विरूपाक्ष म्हणाला.

"असं पेपरात लिहू नका."

"लिहीत न्हाई. ध्यानात ऱ्हावं म्हणून म्हणलो." मग जरा थांबून, "तुम्ही यातल्या कोण?"

मी कागद चाळले. सतरा कागदांत याचं उत्तर नव्हतं.

राहिला नंबर चार, एरहू. लहानसा डबा, त्यावर अजगराचं कातडं, वर काठीसारखी मान आणि दोनच तारा. बोटाखाली पट्टी नाही, पडदा नाही. तार हवेत दाबायची. आणि तो गजानं, म्हणजे केस ताणलेल्या काठीनं, वाजवतात. आपल्याकडच्या एरहूचा गज वेगळा, पिशवीत होता. दोन तारांपैकी एक मधेच तुटून गाठ मारलेली.

"हा कुठला कसाई?" चाचांनी गाठ बघून विचारलं.

"म्हाईत न्हाई," विरूपाक्ष म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.

मी कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं की एरहूचा गज तारांच्या वरून फिरत नाही. त्याचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, आणि तो वाद्यापासून कधीच सुटा होत नाही. चाचा म्हणाले, कागद चुकलाय. गज वरून फिरतो. सारंगीचा, दिलरुब्याचा, जगातला प्रत्येक गज वरून फिरतो, चाळीस वर्षं झाली. मी चित्र दाखवलं. त्यांनी ते आडवं, उभं, उलटं धरून पाहिलं. मग गाठ सोडली, नवी तार चढवली, गजाचे केस दोन तारांच्या मधून घेतले आणि एकदाच ओढला.

गल्लीतला एक स्कूटरवाला थांबला आणि मागं वळून बघायला लागला.

चाचांनी चष्मा काढला. "येडे लोक हायत," ते म्हणाले. "पण बरोबर हायत."

मी विरूपाक्षकडं पाहिलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो उठून दुकानाबाहेर गेला होता.

* * *

तिसऱ्या शनिवारी नांदेडला अवकाळी भुरभुर होती. आम्ही एरहू घेऊन स्टँडवर आलो, सरावासाठी तो किल्लारीला न्यायचा होता. छत्री एक. कातडं भिजलं तर आवाज जाईल म्हणून छत्री एरहूवर धरली. एका बाजूनं मी धरली होती, दुसऱ्या बाजूनं तो, आणि आम्ही दोघं व्यवस्थित भिजत होतो. मधे कोरडा एरहू. येणारेजाणारे बघत होते. मला न्यूमोनिया दिसत होता, दोघांनाही, शेजारशेजारच्या खाटांवर. आश्चर्य म्हणजे त्यातला खाटांचा भाग वाईट वाटत नव्हता.

पत्र्याखाली उभं राहिल्यावर तो अचानक म्हणाला, "ती गाठ माझीच हाय."

मी छत्रीची माझी बाजू सोडून दिली.

"पेटी उघडली तवा मी पुढं होतो. बघितलं तर त्या दोन तारांत काठी आडकलेली. मला वाटलं… वाहतुकीत आडकली. तवा गावात सगळे तेच करून राहिले होते. पत्रा उचल, दगड उचल, जे आडकलेलं दिसंल ते सोडव. मी बी कटर घेतला, एक तार तोडली, काठी मोकळी केली. गुरुजींनी शाबासकी दिली." त्यानं छत्री मिटली, पुन्हा उघडली. "आमच्या आईला काढायला दुपार झाली होती. उशीर झाला होता. म्हणून मला वाटलं, हे तरी येळेवर."

स्टँडवर कुठल्याशा गाडीची घोषणा झाली. आमची नव्हती.

"मग खोटं का लिहीत गेलात?"

"त्या वर्षी जो यायचा तो विचारायचा, घरातलं कोण गेलं. पत्रकार, पुढारी, डॉक्टर, सगळे. ह्या बाई एकट्याच विचारायच्या, आज काय वाजवलंस." तो हसला, पण चेहऱ्याच्या एकाच बाजूनं. "असं कुणी विचारलं की वाटतं, वाजवत असतो तर बरं झालं असतं."

एरहूच्या मानेवर एक थेंब पडला होता. मी ओढणीच्या टोकानं पुसला. मग त्याच्या मनगटावरचाही पुसला. मनगटाचं कातडं भिजून खराब होत नाही हे मला माहीत होतं. मी जीवशास्त्राच्या नोट्स लिहिते.

* * *

चौथ्या शनिवारी तो प्लास्टिकच्या पिशवीत बाईंची सगळी पत्रं घेऊन आला. गुरुजींना आता ऐकू येत नव्हतं आणि कमी दिसत होतं, त्यामुळं शेवटची काही त्यानं वाचूनच घेतली नव्हती. लातूर सुटलं तशी मी वाचायला घेतली, आणि चाकूरजवळ एका पत्रापाशी अडकले.

"तुम्ही हैदराबादला रेडिओवर वाजवलंत?"

"मी हैदराबाद बघितलं न्हाई."

"राज्यपालांनी शाल दिली?"

"कुणाला?"

त्यानं बारा वर्षं फक्त एवढंच लिहिलं होतं, की मी वाजवतो, बरं चाललंय, तुमची तब्येत कशी आहे. बाकी सगळं भाषांतरात झालं होतं. पुढं त्यानं गुरुजींच्या कानाशी जाऊन जाब विचारला तेव्हा गुरुजी म्हणाले, इंग्रजीत थोडं वाढतंच.

म्हणजे आता एका खोट्याच्या जागी मिरवणूक होती. उरले होते पंधरा दिवस. त्याला फक्त एक ओळ वाजवता येत होती, आणि ती ऐकून चाचा म्हणाले होते की सूर आहेत, पण चढावर दमतात. मी रात्री झोपेत बाईंचा चेहरा पडताना बघायची. तो पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा.

म्हणून पाचव्या शनिवारी मी प्लास्टरची युक्ती काढली. लातुरात माझ्या ओळखीचे एक कंपाउंडर होते. हाताला प्लास्टर घालायचं, गळ्यात अडकवायचं, बाईंना म्हणायचं दुर्दैव, आणि फरक तेवढा समजावून सांगायचा. कुठला हात मोडायचा यावर आमची लोह्यापासून अहमदपूरपर्यंत चर्चा झाली. गज उजव्या हातात असतो, पण रिवाइंडिंगही उजव्याच हातानं होतं, आणि दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. शेवटी डावा ठरला.

"तुम्ही माझ्यासाठी एवढं का करून राहिल्या?" त्यानं विचारलं.

"मला प्रश्न अर्धवट सोडवत नाहीत."

"एवढंच?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर काहीही नव्हतं, तेही मी फार बारकाईनं बघितलं.

* * *

किल्लारीला माझी आत्या धुरपताबाई राहते. नव्या गावठाणात सगळी घरं सारखी, गल्ल्या सरळ, आणि पहिलं वर्षभर ती शेजाऱ्यांच्या घरात शिरून चहा टाकायची. शाळेला बाईंसाठी दुभाष्या हवा आहे हे कळल्यावर ती स्वतः मुख्याध्यापकांकडं गेली आणि म्हणाली, आमची शिवलीला मेडिकलला दोनदा बसलीय. एवढ्यावर माझी नेमणूक झाली.

अकरा डिसेंबरला शाळेच्या मैदानात मांडव. तीनशे माणसं. पुढच्या रांगेत विरूपाक्षचे वडील नागप्पा, नवा पटका बांधून. मंचावर चार वाद्यं, हार घातलेली. निवृत्ती गुरुजी व्यासपीठावर, प्रसन्न. बाई जीपमधून उतरल्या: बुटक्या, पांढरे केस, कापडी बूट. सरपंचांनी त्यांना एवढा मोठा हार घातला की काही काळ फक्त बूट दिसत होते.

मग विरूपाक्ष आला. मी आधी त्याच्या डाव्या हाताकडं पाहिलं. प्लास्टर नव्हतं. उजव्या हाताकडं पाहिलं. तिथंही नव्हतं.

त्यानं माइक घेतला आणि मुलांना फरक सांगायला सुरुवात केली. उत्तम सांगितला. गूझंग झोपतो, पिपा भांडते, रुआन ऐकून घेतो. मुलं हसली. मी बाईंच्या कानाशी भाषांतर करत होते आणि बाई मान डोलवत होत्या. मग त्यानं एरहू उचलला, गज जरा ओढल्यासारखा केला, आणि थांबला. माझ्याकडं वळला.

"बाईंना सांगा, मला वाजवता येत न्हाई. एक ओळ येती. ती बी पाच आठवड्यांपासून."

बाई माझ्याकडं बघत होत्या.

हे मला आधी दिसलं नव्हतं. मी बाईंच्या पडलेल्या चेहऱ्याची काळजी केली होती, त्याच्या पळून जाण्याची केली होती, अजगराच्या कातड्याचीसुद्धा केली होती. पण शेवटी सगळं माझ्या तोंडावर येऊन थांबेल, हे नव्हतं दिसलं. बाईंना मराठी येत नव्हती. मी काहीही म्हणू शकत होते. त्याची तब्येत बरी नाही. घसा बसलाय. घसा बसल्यावर एरहू का वाजत नाही, ते नंतर बघता आलं असतं. गुरुजी शेजारून हात पुढं करून कुजबुजले, "माझ्याकडं दे, मी करतो भाषांतर."

विरूपाक्ष माझ्याकडं बघत होता. त्यानं प्लास्टर घातलं नव्हतं. ते आता मी शब्दांचं घातलं असतं, तर ते त्याला पुन्हा माझ्याकडूनच कापून घ्यावं लागलं असतं.

मी जसंच्या तसं सांगितलं.

मग त्यानं बाकीचं सांगितलं, स्टँडवर मला सांगितलेलं. काठी, कटर, गाठ. आई. मला पेशीविभाजनाचं इंग्रजी येतं. याचं येत नव्हतं. मी अडखळले, थांबले, जमेल तसं सांगितलं. मागच्या रांगांतून कुणी नाक ओढलं. नागप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवला होता.

बाईंनी एरहू त्याच्या हातातून घेतला. नव्या तारेवरून अंगठा फिरवला. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात तीनदा मेले.

मग त्या म्हणाल्या, मला माहीत होतं. तिसऱ्याच वर्षी पत्रात एरहूच्या पाचव्या तारेचं वर्णन आलं होतं. दोन तारांच्या वाद्याच्या पाचव्या तारेबद्दल इतकं सुंदर मी आयुष्यात वाचलेलं नाही. मी मुलाला पत्र लिहीत होते, वादकाला नाही. तो उत्तर देत होता, मला तेवढं पुरे होतं.

मी हे मराठीत सांगितलं. गुरुजींना फक्त 'सुंदर' एवढंच ऐकू आलं असावं. त्यांनी उठून नमस्कार केला.

बाई हसल्या. म्हणाल्या, तीन आठवड्यांचा व्हिसा आहे, उद्या सकाळी सहाला शिकायला बस. आणि मग, उगीच आठवल्यासारखं विचारलं, सगळंच खोटं होतं, तर गुरुजींच्या शेवटच्या पत्रातली ती मुलगीही खोटीच का? हुशार, लातूरला शिकवणारी, जिच्याशी तुझं लग्न ठरलंय?

असलं पत्र मी वाचलं नव्हतं. ते इथून गेलं होतं, तिकडून आलं नव्हतं. मी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी छताकडं बघत होते. शनिवारच्या गाडीत आम्हां दोघांना अख्ख्या तालुक्यानं पाहिलं होतं, एवढं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

विरूपाक्ष विचारत होता, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. दुभाष्याला पर्याय नसतो. मी सांगितलं, माइककडं पाठ करून.

त्याच्या कानाच्या पाळ्या तांब्याच्या तारेसारख्या झाल्या.

"सांगा बाईंना," तो म्हणाला, आणि त्याचा माइक चालूच होता. "ते बी खोटंच हाय. लग्न ठरलेलं न्हाई. पोरीला इचारलंच न्हाई अजून, धीर झाला न्हाई. पण… बाकीचं समदं मागं घेतो. रेडिओ घेतो, शाल घेतो. हे एवढं एक मला मागं घ्यायचं न्हाई." तो थांबला. "आन् सांगा, ती पोरगी सध्या भाषांतर करून राहिली."

तीनशे लोकांना मराठी येत होती. भाषांतराची गरज एकट्या बाईंना होती. मी केलं. एकही शब्द गाळला नाही. शेवटच्या वाक्याला 'ती' म्हणायचं का 'मी', हे ठरेना, तेव्हा दोन्ही म्हटलं.

बाईंनी माझ्याकडं शांतपणे बघून विचारलं, मग मुलीचं म्हणणं काय?

मी उत्तर दिलं. इंग्रजीत, एका दमात, बरंच लांब. आयुष्यातलं माझं सगळ्यात बरं इंग्रजी ते. बाई खुदकन हसल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. आता एकट्या बाईंना कळलं होतं, आणि तीनशे माणसं पुढं वाकली होती.

विरूपाक्ष जवळ आला. माइक त्यानं खाली धरला होता, पण बंद केला नव्हता.

"काय म्हणलीस?"

पहिल्यांदाच तो मला अगं-तुगं करत होता.

"म्हटलं…" माझा आवाज स्पीकरमधून, मैदानाच्या पलीकडून परत आला. "म्हटलं, क्लासची नांदेडची शाखा दुसऱ्या शनिवारीच बंद झालीय. तेव्हापासून मला नांदेडला काहीच काम नाही. मी नुसतीच तुझ्या गाडीत बसते."

त्यावर तो काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण मांडवात फार आवाज झाला. मला दिसलं ते एवढंच की आत्या उठली, खुर्च्यांच्या दोन रांगा ओलांडून नागप्पांच्या शेजारी जाऊन बसली, आणि तारीख ऊस तुटायच्या आधीची धरायची का नंतरची, ते विचारायला लागली.